तारांकित प्रश्न कसा लिहावा: सीमाकरार, कुंपण आणि रस्त्यांची कंत्राटं

पटलावरचा_कागद

"(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

महाराष्ट्र विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नांची, यादी उघडा, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पानांवर हे उत्तर भेटतंच. राग मंत्र्यांवर निघतो, आणि तो बऱ्याचदा रास्तही असतो. पण प्रश्न नीट वाचला की दिसतं, हे उत्तर द्यायची सोय प्रश्नानेच करून ठेवलेली असते.

नेहमीचा साचा बघा. "अमुक ते तमुक या ७ किमी रस्त्याचे काम निकृष्ट दर्जाचे झाले असून मार्चमध्ये पूर्ण झालेल्या या रस्त्यावर तीन महिन्यांत खड्डे पडल्याने ग्रामस्थांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली, हे खरे आहे काय". एका उपप्रश्नात पाच विधानं झाली: लांबी, दर्जा, महिना, खड्डे, तक्रार. रस्ता ६.८ किमी निघाला किंवा निवेदन जिल्हाधिकाऱ्यांऐवजी कार्यकारी अभियंत्यांकडे दिलेलं असलं, की "हे खरे नाही" हे उत्तर कागदावर बरोबर ठरतं. पुढचे सगळे उपप्रश्न "असल्यास" ने सुरू होत असल्यामुळे पहिला पडला की रांगेने सगळे पडतात.

म्हणून एका उपप्रश्नात एकच गोष्ट. "असल्यास" जितका टाळता येईल तितका टाळायचा. आणि खरं-खोटं विचारण्यापेक्षा तारीख, रक्कम, संख्या मागायची. "काम निकृष्ट झाले हे खरे आहे काय" याला नाही म्हणता येतं. "कोअर चाचण्या किती ठिकाणी, कोणत्या तारखांना घेतल्या, त्यांपैकी किती नमुने विनिर्देशांत बसले नाहीत" (कोअर म्हणजे रस्ता खोदून काढलेला नमुना) याला आकडाच द्यावा लागतो.

संसदेत साचा वेगळा असतो, "मंत्री महोदय पुढील माहिती देतील काय" असा. तिथल्या प्रश्नांवरही इथे लिहा, विशेषतः सीमेवरची कामं आणि शेजारी देशांशी झालेले करार. खासदारांकडे प्रश्न पाठवणारे बरेच जण इथे वाचतात.

मोजपट्टी

कंत्राटाच्या बाजूने भर घालतो. कोणत्याही रस्त्याच्या कामाची कागदांची साखळी ठरलेली असते: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, चालू देयकं, मुदतवाढीचे आदेश, अंतिम देयक, आणि मग दोषदायित्व कालावधी, म्हणजे ज्या काळात बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा तो काळ. प्रत्येक कडीला तारीख आणि आकडा असतो. प्रश्नाने या कड्यांपैकी दोनच धराव्यात, पण लागूनच्या धराव्यात. गोंधळ दोन कड्यांच्या मध्ये दडलेला असतो.

उदाहरणार्थ, निविदा अंदाजपत्रकापेक्षा २० टक्के कमी दराने गेली. कागदावर सरकारचे पैसे वाचले. पुढे काही बाबींची परिमाणं वाढतात, खोदाईत कठीण खडक जास्त लागला म्हणून नोंद होते, मूळ निविदेत नसलेल्या जादा बाबी येतात, आणि अंतिम देयक अंदाजपत्रकाच्याही वर जातं. कमी दराने काम घेतलेल्या ठेकेदाराचं नुकसान असं भरून निघतं. म्हणून "कामाची किंमत किती" असं विचारून काही हाती लागत नाही, मान्यतेचा आकडा मिळतो. विचारायचं असं: निविदा स्वीकृतीची रक्कम किती, आजवर अदा केलेली रक्कम किती, आणि मूळ परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलेल्या बाबी कोणत्या. २५ टक्के मुद्दाम, कारण आपल्याकडच्या बी-१ निविदेच्या (राज्य बांधकाम विभागाच्या ठरावीक नमुन्याच्या) शर्तींत त्या मर्यादेनंतर दराचा प्रश्न वेगळा होतो आणि त्यासाठी वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी फाइलवर यावी लागते. जी फाइल आहे तिच्याबद्दलच विचारावं.

मुदतवाढीचंही तसंच. "विलंबाची कारणे काय" याला "भूसंपादन व पावसाळा" हे उत्तर ठरलेलं. "मुदतवाढ किती वेळा दिली, प्रत्येक वेळी दंडासह की दंडाविना" असं विचारा. दंडाविना मुदतवाढ याचा अर्थ विभागाने विलंबाचा दोष स्वतःकडे घेतला. मग भाववाढीचा बोजाही विभागावर.

कोकणकडा

मुंबई–गोवा महामार्गावरचा प्रश्न विधानसभेत टाकायचा की लोकसभेत? दोन्हीकडे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मोजपट्टी

राष्ट्रीय महामार्ग म्हटल्यावर जबाबदारी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची, म्हणून लोकसभा किंवा राज्यसभा. पण टप्पा बघून लिहा. पनवेल ते इंदापूर हा ८४ किमीचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता, तर इंदापूरपासून खाली झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेमार्फत चाललं. पैसा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याच्या अभियंत्यांची. सगळा रस्ता एका प्रश्नात घेतला तर दोन्ही यंत्रणांची सरासरी टक्केवारी मिळते आणि रखडलेलं पॅकेज त्या सरासरीत बुडतं. पॅकेजवार, म्हणजे कंत्राटाच्या तुकड्याप्रमाणे विचारा, साखळी क्रमांकासह (रस्त्यावरचं नेमकं अंतर दाखवणारा आकडा). भूसंपादनाचा मोबदला मात्र उपविभागीय अधिकारी वाटतात, तो धागा विधानसभेत धरता येतो.

कलम२५३

प्रति किलोमीटर खर्चाबद्दल सावध करायचं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, भारतमाला या महामार्ग योजनेवरचा अहवाल आला आणि द्वारका द्रुतगती मार्गाचा आकडा गाजला: मंजुरी १८.२० कोटी रुपये प्रति किमी, प्रत्यक्ष २५०.७७ कोटी. मंत्रालयाचं म्हणणं असं की पहिला आकडा देशभरच्या कामांची सरासरी आहे आणि हा रस्ता बराचसा उन्नत, जास्त मार्गिकांचा आहे. आता नुसतं "प्रति किमी खर्च किती" असं विचारलं तर हाच वाद परत होतो. मार्गिका-किलोमीटरने (लांबी गुणिले मार्गिकांची संख्या) विचारा, आणि बांधकाम खर्च व भूसंपादन वेगळं मागा. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत तर आणखी काळजी घ्यावी लागते. तिथे सरकार ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात देतं आणि उरलेले ६० टक्के नंतर वर्षानुवर्षे हप्त्यांत. "आजवर किती खर्च झाला" याचं उत्तर त्यामुळे नेहमी कमी दिसतं.

सदाशिव_वाचतो

पण सीमेचं काय? सीमाप्रश्न म्हटलं की आपल्याकडे बेळगावच डोळ्यांपुढे येतं. त्यावर संसदेत प्रश्न का येत नाहीत?

पटलावरचा_कागद

येतात, पण अडतात. लोकसभेच्या नियम ४१ मध्ये प्रश्न कधी स्वीकारता येतो याच्या अटी आहेत. न्यायप्रविष्ट विषय चालत नाही, आणि महाराष्ट्राचा दावा कलम १३१ खाली (राज्यांमधले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची तरतूद) २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यात ८६५ गावं मागितलेली आहेत. "बेळगाव कोणाचं" हा प्रश्न त्यामुळे बाद होतो. सीमाभागातल्या मराठी भाषकांना भाषिक अल्पसंख्याक म्हणून मिळणाऱ्या सोयींबद्दल मात्र विचारता येतं, कारण भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांची तरतूद घटनेतच आहे, कलम ३५० ब.

नियम ४१ च्या बाकी अटी तोंडपाठच करून ठेवाव्यात अशा आहेत. १५० शब्दांची मर्यादा. युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप नको. मत विचारायचं नाही. सहज उपलब्ध दस्तऐवजात असलेली माहिती मागायची नाही. आणि सीमेच्या बाबतीत महत्त्वाची अट म्हणजे मित्रराष्ट्राबद्दल असभ्य उल्लेख नको. "बांगलादेशच्या आडमुठेपणामुळे काम रखडले आहे काय" ही ओळ त्या एका शब्दावर पडते.

नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी. एका सदस्याला एका दिवसासाठी लोकसभेत पाच नोटिसा. क्रम बॅलटने, म्हणजे सोडतीने लागतो आणि दिवसाला २० तारांकित, २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. प्रश्नोत्तराच्या तासात विसांपैकी मोजकेच पुकारले जातात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर.

कलम२५३

सीमाकरारांचा मुद्दा मुळापासून घ्यायला हवा, कारण बऱ्याच प्रश्नांत "हा करार संसदेने मंजूर केला होता काय" असं असतं आणि उत्तर "आवश्यकता नव्हती" असं येऊन विषय संपतो. आपल्याकडे करार करणं हा कार्यकारी अधिकार आहे. तो अमलात आणायला कायदा लागला तर कलम २५३ खाली संसद तो करते. प्रत्येक करार संसदेपुढे आलाच पाहिजे असं घटनेत नाही.

खरा प्रश्न वेगळा: भूभाग दिला की सीमा निश्चित केली? १९५८ च्या नेहरू–नून करारात पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग पूर्व पाकिस्तानला द्यायचं ठरलं. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं आणि १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे भूभाग देणं आहे, घटनादुरुस्तीशिवाय होणार नाही. म्हणून नववी घटनादुरुस्ती झाली. पुढे १९६८ मध्ये कच्छच्या रणाचा लवादाचा निवाडा आला. तेव्हा १९६९ मध्ये न्यायालयाने म्हटलं, हा सीमेबद्दलच्या वादाचा निकाल आहे, त्याला घटनादुरुस्ती नको. कच्चथीवू या बेटाबद्दल श्रीलंकेशी झालेल्या १९७४ च्या करारात सरकारने हीच दुसरी वाट धरली आणि त्यासाठी घटनादुरुस्ती केली नाही.

म्हणून सीमाकरारावरचा पहिला उपप्रश्न असाच हवा: "सदर करारान्वये झालेला बदल हा भूभागाचे हस्तांतरण आहे की सीमानिश्चिती, आणि ही भूमिका कोणत्या कायदेशीर अभिप्रायावर आधारित आहे". अभिप्राय दाखवणार नाहीत, पण भूमिका नोंदीवर येते. एकदा नोंदीवर आली की दहा वर्षांनीही ती पुढे ठेवता येते.

तीनबिघा

बरोबर, पण तिसरा प्रकार राहिला. तीन बिघा. १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद एवढीच ती पट्टी. १९७४ च्या भारत–बांगलादेश करारात दक्षिण बेरुबारीचा तो तुकडा भारताकडे राहिला, भारतीय भूभागाने वेढलेलं दहग्राम–अंगरपोता बांगलादेशकडे, आणि तिथे जायला ही पट्टी कायमच्या भाडेपट्ट्याने. सार्वभौमत्व भारताचंच. १९९० मध्ये न्यायालयाने यात भूभाग दिलेला नाही असं ठरवलं. त्यामुळे प्रश्नात हस्तांतरण, सीमानिश्चिती आणि भाडेपट्टा असे तीनही पर्याय लिहायचे, नाहीतर मंत्री "दोन्ही नाही" म्हणून मोकळे.

आणि करार झाला म्हणून विषय संपत नाही. १९७४ चा भू-सीमा करार पूर्ण अमलात यायला २०१५ उजाडलं. २०११ चा प्रोटोकॉल, मग विधेयक, परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचा अहवाल, ७ मे २०१५ ला लोकसभेत ३३१ विरुद्ध शून्य मतांनी मंजुरी, आणि शंभरावी घटनादुरुस्ती. ३१ जुलैच्या मध्यरात्री बांगलादेशातली भारताची १११ छितमहालं (दुसऱ्या देशाच्या भूभागाने वेढलेल्या वस्त्या) तिकडे गेली, भारतातली त्यांची ५१ इकडे आली. त्या ५१ वस्त्यांत ना रस्ता होता, ना वीज. पुनर्वसन आणि पायाभूत सोयींसाठी केंद्राने सुमारे १,००६ कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. इथे करार आणि बांधकाम एकत्र येतात. पैसा केंद्राचा, काम पश्चिम बंगालचं. करार परराष्ट्र मंत्रालयाचा, पॅकेज गृह मंत्रालयाचं. "छितमहालातल्या रस्त्यांची स्थिती काय" असं परराष्ट्र मंत्र्यांना विचारलं की प्रश्न एकतर दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होतो किंवा "राज्याचा विषय" म्हणून दोन ओळींत आटोपतो. गृह मंत्र्यांना "राज्याला वितरित रक्कम व प्राप्त उपयोगिता प्रमाणपत्रांची रक्कम, वर्षनिहाय" असं विचारलं तर ते टाळता येत नाही, कारण उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा राज्याचा दाखला, दिल्लीलाच येतं.

शेवग्याची_शेंग

सीमेवरचे रस्ते मग कोणाकडे? गृह, संरक्षण, की रस्ते वाहतूक?

तीनबिघा

तिघांकडेही, म्हणून तर एवढा घोळ. चीन सीमेवरचे बहुतेक रस्ते बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशनकडे, ती संरक्षण मंत्रालयाखाली. बांगलादेश सीमेवरचं कुंपण, त्याच्या कडेचा गस्ती रस्ता आणि दिवे गृह मंत्रालयाच्या सीमा व्यवस्थापन विभागाकडे. तिथेच राष्ट्रीय महामार्ग असेल तर तो रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे. नोटीस देण्याआधी काम कोणत्या मंत्रालयाच्या मागणी क्रमांकातून होतं ते अर्थसंकल्पात बघावं. पैशाचं लेखाशीर्ष सापडलं की मंत्री सापडला.

"राष्ट्रीय सुरक्षेचा विषय, माहिती देता येत नाही" या उत्तरालाही वळसा आहे. जे आधीच एखाद्या सार्वजनिक दस्तऐवजात आलं आहे तिथून पुढे विचारायचं. कॅगच्या २०१७ च्या अहवालात भारत–चीन सीमेवरच्या ६१ रस्त्यांची स्थिती आहे: एकूण ३,४०९ किमी, २०१२ पर्यंत व्हायचे होते, मार्च २०१६ पर्यंत २२ रस्ते म्हणजे ७०७ किमी पूर्ण. आता "रस्त्यांची नावं द्या" म्हणू नका. "कॅगच्या अहवालात अपूर्ण दाखवलेल्या ३९ रस्त्यांपैकी आजवर किती पूर्ण, किती सदोष आढळल्याने दुरुस्त केले" असं विचारा. संख्येत कोणतंच गुपित फुटत नाही.

मोजपट्टी

कुंपणाचं तांत्रिक अंग इथे सांगून ठेवतो, कारण वर्तमानपत्रात ते सुटतं. १९७५ च्या भारत–बांगलादेश सीमा मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण १३७ मीटरच्या आत, दोन्ही देशांनी संरक्षणात्मक बांधकाम करायचं नाही. म्हणून कुंपण १५० यार्ड मागे येतं. मग काही भारतीय शेतं आणि काही वस्त्या कुंपणाच्या पलीकडे राहतात, फाटकातून ये-जा. जिथे वस्ती किंवा नदी यामुळे मागे येणं शक्य नाही तिथे आत एकेरी कुंपण घालायचं तर बांगलादेशची संमती लागते, आणि तिथे त्यांच्या सीमा रक्षक दलाची हरकत आली की ठेकेदाराची माणसं आणि यंत्रं पडून राहतात. पडून राहिलेल्या यंत्रांचा दावा ठेकेदार लावतो. करारातला एक आकडा थेट देयकात उतरतो तो असा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या उत्तरात ४,०९६.७ किमी सीमेपैकी ८६४ किमीवर कुंपण बाकी, त्यातली १७४ किमी व्यवहार्य नाही असं आहे. कारणं दिली आहेत: भूसंपादन, पलीकडच्या दलाची हरकत, कामाचा छोटा हंगाम, दरडी आणि दलदल. चारही कारणं खरी. पण कोणत्या कारणाने किती किलोमीटर अडलं ते उत्तरात नाही, कारण विचारलेलं नव्हतं.

पटलावरचा_कागद

अगदी. तारांकित प्रश्नात असं राहिलेलं पूरक प्रश्नातून विचारता येतं. मूळ प्रश्नकर्त्याला दोन पूरक मिळतात. लेखी उत्तर सदस्याला प्रश्नोत्तराच्या तासाच्या आधी पोर्टलवर दिसतं. तेवढ्या वेळात उत्तरातला न बोललेला आकडा शोधायचा. भाषण करायचं नाही. वीस सेकंदांत पूरक विचारलं तर मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, दोन मिनिटांचं पूरक विचारलं तर त्यातलं सोयीचं वाक्य उचलून ते बोलत राहतात. १९५७ च्या मुंदडा प्रकरणात आयुर्विमा महामंडळाच्या शेअरखरेदीवर सभागृहात आलेली उत्तरं मोघम होती, त्यांवर पाठलाग होत गेला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांचा आयोग बसला आणि टी. टी. कृष्णमाचारींना अर्थखातं सोडावं लागलं. मोघम उत्तर हाती आलं म्हणून तेव्हा कुणी फाइल मिटवली नाही.

कलम२५३

उत्तर मिळाल्यानंतर काय करायचं तेही लिहून ठेवू या, कारण तिथे बहुतेक जण थांबतात.

उत्तरात "माहिती गोळा करण्यात येत आहे", "विषय विचाराधीन आहे" असे शब्द आले तर ते आश्वासन मानलं जातं. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे, १५ सदस्य, त्यात मंत्री नसतो. पूर्तता तीन महिन्यांत करायची असते. मंत्रालय मुदतवाढ मागतं किंवा आश्वासन वगळण्याची विनंती करतं. ज्या प्रश्नातून आश्वासन निघालं त्याचा क्रमांक आणि तारीख खासदारांच्या कार्यालयाला तीन महिन्यांनी परत कळवावी. हे काम बाहेरच्या माणसाने केलं तरच होतं, कार्यालयात शेकडो प्रश्न असतात.

उत्तर चुकीचं असेल तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली सदस्य चूक लेखी दाखवू शकतो. सोबत पुरावा हवा. माहिती अधिकारात मिळालेली मोजमाप पुस्तिकेची प्रमाणित प्रत इथे उपयोगी पडते. हक्कभंगाची भाषा लगेच करू नये, त्यासाठी जाणीवपूर्वक दिशाभूल दाखवावी लागते आणि ते फार अवघड.

उत्तर अपुरं असेल तर नियम ५५ खाली अर्धा तास चर्चा. तीन दिवस आधी नोटीस, स्पष्टीकरणात्मक टिपण, आणि आणखी दोन सदस्यांच्या सह्या. याचा वापर फार कमी होतो.

शेवग्याची_शेंग

एक सावधगिरी. प्रश्न पाठवताना ठेकेदाराच्या स्पर्धकाकडून आलेली माहिती असेल तर खासदाराला तसं सांगा. १९५१ मध्ये मुदगल यांचं सदस्यत्व मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात गेलं, आणि डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदार याच कारणाने निष्कासित झाले. निविदा हुकलेला ठेकेदार खरी माहितीही देतो, पण तो ती निवडून देतो.

पटलावरचा_कागद

वरच्या सगळ्यातून कुंपणाच्या प्रश्नाचा मसुदा करून बघितला. सुधारणा सुचवा.

"गृह मंत्री पुढील माहिती देतील काय:
(अ) भारत–बांगलादेश सीमेवर कुंपण बाकी असलेल्या लांबीपैकी भूसंपादन, बांगलादेशची हरकत, व भूप्रदेश यांमुळे अडलेली लांबी, राज्यनिहाय व कारणनिहाय;
(ब) भूसंपादनासाठी राज्यांना दिलेली रक्कम व प्रत्यक्ष ताब्यात आलेली जमीन, वर्षनिहाय;
(क) १५० यार्डांच्या आत एकेरी कुंपणासाठी बांगलादेशकडे पाठवलेले प्रस्ताव व संमती मिळालेले प्रस्ताव, संख्येसह;
(ड) काम थांबल्याबद्दल ठेकेदारांनी केलेले नुकसानभरपाईचे दावे व अदा केलेली रक्कम, आणि
(इ) अव्यवहार्य ठरवलेल्या लांबीत तांत्रिक उपाय बसवण्यासाठी दिलेल्या कंत्राटांची संख्या व रक्कम?"

मोजपट्टी

(ड) मध्ये "दावे" नुसतं नको. लवादात गेलेले आणि विभागानेच मान्य केलेले वेगळे मागा, नाहीतर "लवादाधीन" म्हणून सगळाच आकडा झाकला जाईल.

तीनबिघा

(क) ला तारीख हवी: "१ एप्रिल २०२० पासून". तारखेशिवाय १९७५ पासूनची माहिती गोळा करायला वेळ लागेल असं म्हणतील. आणि (इ) हा वेगळा प्रश्न करा. तो निघाला की राज्यनिहाय तक्त्यात मेघालय आणि मिझोरम स्वतंत्र मागायला शब्द उरतात, तिथे जमिनीची मालकी जमातींच्या संस्थांकडे असल्याने भूसंपादनाचा मार्गच निराळा आहे.